बोल कोणाला लावावा? — जीवाचे कर्तेपण आणि अनुशोचन



जीवाच्या बोलण्याकडे बारकाईने लक्ष दिले, तर एक गोष्ट सहज ध्यानात येते. लाभ झाला म्हणजे तो सांगतो, ‘मी जिंकलो.’ हानी झाली म्हणजे सांगतो, ‘मला हरवले.’ लाभाच्या वाक्यात तो कर्ता असतो. हानीच्या वाक्यात तोच कर्म होऊन बसतो आणि कर्त्याच्या जागी दुसऱ्या कोणाला तरी आणून बसवतो. ही अदलाबदल वरवर क्षुल्लक दिसते. परंतु साधकाच्या दृष्टीने तिच्यात फार मोठा अपाय आहे. जे आपण केलेच नाही असे एकदा ठरले, त्याचे अनुशोचन कोण करणार? आणि जेथे अनुशोचन नाही, तेथे प्रायश्चित्त तरी कशाचे? प्रस्तुत निरूपणाचा विषय हाच आहे.

शास्त्रातील प्रमेय समजण्यासाठी दृष्टान्त घ्यावा लागतो, आणि तो ऐकणाऱ्याच्या परिचयाचा असावा लागतो. म्हणून येथे दृष्टान्त घेतला आहे तो आजच्या तरुण वासनिकांच्या नित्य परिचयाचा, मोबाइलवरील खेळाचा. अहिल्यानगर जिल्ह्यातील प्रवरेच्या आणि मुळेच्या कालव्याखालची बागायती गावे घ्या, नाहीतर पाथर्डी-कर्जतकडची कोरडवाहू गावे घ्या. दिवेलागणीच्या वेळी पारावर चार मुले खाली माना घालून बसलेली दिसतात. ती एकमेकांशी बोलत असतात, पण एकमेकांकडे पाहत नाहीत. पबजी नावाच्या ज्या खेळावर केंद्र सरकारने २०२० च्या सप्टेंबरात बंदी घातली आणि जो २०२१ च्या जुलैमध्ये बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया या नावाने पुन्हा आला, तो खेळ असा चौघाचौघांनी खेळतात. शंभर खेळणारे एका कल्पित बेटावर विमानातून उतरतात. सुरक्षित जागेचे वर्तुळ हळूहळू आवळत जाते. अखेर जो चमू उरतो तो जिंकतो. अहिंसा हा ज्या मार्गाचा प्राण आहे, त्या मार्गात शस्त्रास्त्रांच्या अशा खेळाचे समर्थन होऊ शकत नाही, आणि तसे करण्याचा येथे हेतूही नाही. पण जे घराघरांत चालले आहे, त्याच्याकडे पाठ फिरवून त्यातील दोष दिसणार नाही.

हा खेळ संपला की दुसरा खेळ सुरू होतो, तो बोल लावण्याचा. एक म्हणतो, ‘याने मला साथ दिली नाही.’ दुसरा म्हणतो, ‘ऐन वेळी रेंज गेली, माझा मोबाइल जुना आहे.’ तिसरा म्हणतो, ‘समोरचा लबाडी करीत होता.’ चौथा म्हणतो, ‘कंपनीनेच हा खेळ बिघडवून ठेवला आहे.’ मग हीच गाऱ्हाणी शेकडो अनोळखी खेळाडूंच्या मंडळांत मांडली जातात. तेथे प्रत्येक जण आपले गाऱ्हाणे घेऊन आलेला असतो, म्हणून कोणी कोणाला थांबवीत नाही. रात्र सरते, पण ‘माझे काय चुकले’ हा प्रश्न कोणाच्याही मुखातून निघत नाही.

येथे साधे गणित करून पाहावे. शंभर खेळणारे, चौघांचा एक चमू, म्हणजे पंचवीस चमू झाले. त्यांपैकी एक जिंकणार आणि चोवीस हरणार, ही या खेळाची रचनाच आहे. ती मान्य करूनच प्रत्येक जण बेटावर उतरलेला असतो. असे असता हरणाऱ्याला वाटते की आपल्यावर काही विशेष अन्याय झाला. हार हा नियम आहे आणि जीत हा अपवाद आहे, हे जाणूनही तो हारेला अन्याय म्हणतो. संसाराविषयी जीवाचे गाऱ्हाणे याच जातीचे असते. जरा, व्याधी, वियोग हे ज्याच्या रचनेतच आहेत, अशा प्रपंचात तो राहतो, आणि ते वाट्याला आले की विचारतो, ‘माझ्याच वाट्याला का?’

हा झाला दृष्टान्त. आता दार्ष्टान्तिक पाहू.

सर्वज्ञ श्रीचक्रधर प्रभूंनी जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर असे चार पदार्थ निरूपिले, आणि ते चारही परस्परांहून भिन्न व स्वतंत्र सांगितले. प्रपंच जड आहे. देवता नित्यबद्ध आहेत. त्या जीवाच्या कर्माप्रमाणे फळ देतात. परमेश्वर नित्यमुक्त आहे. तोच मोचक आहे. जीव मात्र बद्धमुक्त आहे, म्हणजे आज बद्ध असून मुक्त होण्याची योग्यता असलेला आहे. कर्म करणारा तोच आणि त्याचे फळ भोगणारा तोच. आता पारावरच्या गाऱ्हाण्यांकडे पुन्हा पाहावे. ‘साथीदाराने घात केला’ असे म्हणणारा दुसऱ्या जीवाला बोल लावतो. ‘रेंज गेली’ म्हणणारा जड प्रपंचाला बोल लावतो. ‘नशीब फुटके’ म्हणणारा फळ देणाऱ्या देवतेला बोल लावतो. आणि याच्याही पुढे जाऊन ‘देवाला माझे बरे पाहवत नाही’ असे जो म्हणतो, तो तर दयाळू परमेश्वरालाच बोल लावतो. चारही पदार्थांची फेरी होते. सुटतो तो एकच, बोल लावणारा जीव. ज्याला पदार्थविवेक झाला, त्याला यातील विपरीतता लगेच कळेल. ज्या एका ठिकाणी सुधारणा करणे जीवाच्या हाती होते, तेवढेच ठिकाण त्याने शोधातून वगळले.

खेळ, हार आणि बोल यांचा संबंध प्राचीन आहे. महाभारतातील द्यूताची कथा सर्वांना ठाऊक आहे. त्या द्यूतानंतरच्या दोन प्रसंगांकडे मात्र पुरेसे लक्ष दिले जात नाही. वनपर्वात भीमसेन धर्मराजाला कठोर शब्दांनी टोचतो. शकुनीचे कपट उघड होते. त्याचे नाव पुढे करून धर्मराजाला सहज सुटता आले असते. परंतु तो भीमाला सांगतो की, तुझे शब्द शल्यासारखे लागतात, तरी मी तुला दोष देत नाही, कारण माझ्याच अनीतीने तुम्हा सर्वांवर हे संकट आले. याच्या उलट धृतराष्ट्र. युद्धाची वार्ता सांगणाऱ्या संजयापुढे तो दुर्योधनाला दोष देतो, दैवाला दोष देतो. भीष्मपर्वात संजय त्याला स्पष्ट सुनावतो की, हा दोष दुर्योधनावर टाकणे तुला शोभत नाही. आपल्या दुराचरणाने ज्याला अशुभ प्राप्त झाले, त्याने दुसऱ्याकडे बोट दाखवू नये. दोघांचीही हानी मोठीच होती. पण धर्मराजाने आपला वाटा उचलला, म्हणून पुढच्या तेरा वर्षांत तो शिकला, तपला आणि परतला. धृतराष्ट्र बोल लावीत राहिला, आणि शेवटपर्यंत ऐकण्यापलीकडे त्याच्या हाती काही उरले नाही. गीतेच्या सहाव्या अध्यायात श्रीकृष्ण महाराज अर्जुनाला हेच बजावतात की, जीवाने आपला उद्धार आपणच करावा. त्याचा बंधू तोच आहे आणि वैरीही तोच आहे.

याहून जवळचा दाखला स्वतः सर्वज्ञांच्या लीळेत आहे. भडोचच्या विशाळदेव प्रधानाच्या घरी हरिपाळदेव या नावाने वावरत असता प्रभूंनी द्यूताचे व्यसन स्वीकारल्याचे लीळाचरित्राच्या एकांकात आले आहे. एकदा खेळात द्रव्य हरले. ते भागवण्यासाठी पत्नी कमळाइसांकडे अलंकार मागितले, आणि त्यांनी ते देण्याचे नाकारले. पुढे पित्याने ते ऋण फेडले. परंतु तो नकार वैराग्याला निमित्त झाला, आणि रामटेकच्या यात्रेचे कारण सांगून प्रभूंनी घर सोडले. परमेश्वर अवताराची प्रवृत्ती लीळामात्र असते. तिला दोष स्पर्श करीत नाही. मग ती लीळा कोणासाठी? जीवाला शिकवण्यासाठी. जेथे सामान्य जीव प्रतिपक्षाला, फाशांना आणि विशेषतः नकार देणाऱ्या पत्नीला जन्मभर बोल लावीत बसला असता, तेथे प्रभूंनी त्या हारेतून संसाराचे स्वरूप दाखवून दिले आणि रिद्धपूरच्या श्रीगोविंदप्रभूंकडे नेणारी वाट धरली. हार गाऱ्हाण्यात जिरवावी की विचारात, याचा निर्णय त्या लीळेत झालेला आहे.

आता याच जिल्ह्याच्या भूमीवरील प्रसंग पाहू. श्रीरामपूर तालुक्यात गोदाकाठी डोमेग्राम हे सर्वज्ञांच्या चरणस्पर्शाने पावन झालेले स्थान आहे. सराळ्याचे म्हाइंभट तेथेच सर्वज्ञांच्या भेटीस आले. शास्त्राचे मोठे अभ्यासक, वादात निपुण आणि त्या निपुणतेचा अभिमान बाळगणारे. जिंकण्याच्या बुद्धीने आले आणि सर्वज्ञांसमोर निरुत्तर झाले. वाद हाही विद्वानांचा एक खेळच असतो, आणि त्यात हरलेल्या पंडिताला गाऱ्हाण्यांची वाण नसते: प्रश्नच अयोग्य होता, सभा पक्षपाती होती, शब्दच्छल झाला. म्हाइंभटांनी यातील कशाचाही आश्रय घेतला नाही. उणे कोठे आहे ते त्यांनी स्वतःत पाहिले. पुढे ते अनुसरले, रिद्धपूरला श्रीगोविंदप्रभूंच्या सेवेत राहिले, आणि नागदेवाचार्यांपासून अनेकांना विचारून विचारून त्यांनी लीळांचा संग्रह केला. आज मराठी गद्याचा जो आद्य ग्रंथ म्हणून जगाला माहीत आहे, तो लीळाचरित्र ग्रंथ एका हरलेल्या वादपटूने आपली हार मान्य केली म्हणून उभा राहिला.

त्या ग्रंथाच्या मागेही असाच इतिहास आहे. परंपरा सांगते की मूळ पोथी खालशाच्या धाडीत नष्ट झाली. बोल लावायला याहून सबळ कारण कोणते असू शकेल? परंतु पूर्वजांनी आक्रमकाला शिव्याशाप देण्यात आयुष्य घालवले नाही. ज्याला जेवढे मुखोद्गत होते, त्याने तेवढे आठवून लिहिले. हिराइसांच्या नावाने आणि इतरांच्या नावाने पाठ सिद्ध झाले. ग्रंथ गेला तो दुसऱ्याच्या कृतीने. ग्रंथ परत आला तो स्वतःच्या स्मरणाने.

येथे पहिली शंका उद्भवते. मग जो खरोखर लबाडी करतो, त्याला काही म्हणायचेच नाही काय? जीवाने सगळा भार आपल्यावर घेतला, तर अन्यायी निर्धास्त होणार नाहीत काय?

समाधान असे. निवेदन वेगळे आणि गाऱ्हाणे वेगळे. जो दोष दूर करू शकतो त्याच्याकडे, पुराव्यासह आणि मोजक्या शब्दांत सांगणे हे निवेदन. जो काहीच करू शकत नाही त्याच्याकडे, पुन्हा पुन्हा आणि मनाच्या समाधानासाठी सांगणे हे गाऱ्हाणे. निवेदनाला मार्गात मज्जाव नाही. खेळात कोणी लबाडी केली, तर ते खेळ चालवणाऱ्यांना कळवावे आणि तेथेच सोडावे. पैसे लावून खेळवल्या जाणाऱ्या खेळांनी कित्येक घरे नागवली, तेव्हा २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने कायदा केला. खेळ कौशल्याचा म्हणवला जावो की नशिबाचा, पैसे लावून तो ऑनलाइन खेळवण्यास, त्याची जाहिरात करण्यास आणि त्यासाठी पैशांची देवघेव करून देण्यास त्यात बंदी आहे. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. खेळणाऱ्याला मात्र त्यात शिक्षा ठेवलेली नाही; कायदा त्याला पीडित मानतो. कायद्याच्या दृष्टीने हे योग्यच आहे. परंतु कायद्याने ज्याला शिक्षा केली नाही, तो कर्माच्या हिशेबातून सुटला असे होत नाही. ज्याने आईच्या औषधाचे पैसे त्या खेळात घातले, त्याने जाहिरातीला बोल लावला तर तो बोल खोटा नाही. पण तेवढाच बोल लावून तो थांबला, तर उद्या दुसरी जाहिरात त्याची वाट पाहत उभीच आहे. कंपनीचा दोष कंपनीच्या कर्मात जमा होतो. बोट ज्याने लावले, त्याचा दोष त्याच्या कर्मात. एकाच्या दोषाने दुसऱ्याचा दोष फिटत नाही.

निवेदन आणि स्वकर्तव्य एकत्र कसे नांदतात, याचे उदाहरण नगर तालुक्यातील हिवरे बाजारने दाखवून दिले आहे. वर्षाकाठी चारशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणारे हे गाव. १९७२ च्या दुष्काळानंतर विहिरी आटल्या, डोंगर बोडके झाले, दारू वाढली, माणसे पोटासाठी बाहेर पडली. गाऱ्हाणे करायला पाऊसही होता आणि सरकारही होते. १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले, आणि गावाने प्रश्नाचे तोंड आपल्याकडे वळवले. पाऊस गावाच्या हातात नव्हता. उतार गावाच्या हातात होता. कुऱ्हाड थांबली, मोकाट चराई थांबली, दारू बंद झाली, श्रमदानाने चर खणले गेले. शेतीसाठी कूपनलिका खोदायची नाही, ऊस-केळीसारखी पाणी पिणारी पिके टाळायची, आणि पडलेला पाऊस मोजून वर्षाच्या पाण्याचा हिशेब ग्रामसभेत मांडायचा, हे निर्बंध गावाने स्वतःवर घातले. सरकारी योजनांसाठी अर्जही केले. ते निवेदन होते. पण सरकारने कुऱ्हाड थांबवावी, अशी वाट पाहिली नाही. सरपंचांना २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली, हे जगाला दिसले. त्याआधीची खरी घटना ही की, पाऊस पूर्वीइतकाच राहिला आणि तरी विहिरींना पाणी आले.

दुसरी शंका अधिक सूक्ष्म आहे, आणि ती शास्त्र ऐकलेल्यांनाच पडते. कर्माचे फळ देवता देते, तर आजची हार हे पूर्वकर्माचेच फळ. मग ‘माझे प्रारब्धच असे’ म्हणून स्वस्थ बसण्यात चूक ती कोणती?

समाधान असे. प्रारब्ध हा शब्द जेव्हा शोकाचे शमन करतो तेव्हा तो शास्त्र आहे. जेव्हा तो आळसाचे समर्थन करतो तेव्हा तेही एक गाऱ्हाणेच आहे, फक्त त्याला शास्त्राचे वस्त्र नेसवलेले आहे. पूर्वकर्म तरी कोणाचे? ज्याने ते केले तो जीव हाच. फळ भोगणे अटळ असेल, पण भोगताना काय करावे हे आजच्या क्रियेत येते, आणि ती क्रिया जीवाच्या अधीन आहे. अन्यथा विधी आणि निषेध सांगण्याचे प्रयोजनच उरले नसते. जो करू शकत नाही त्याला कोणी ‘कर’ म्हणत नाही. सर्वज्ञांनी जीवाला आचार सांगितला, यातच जीव तो आचरू शकतो हे मान्य केलेले आहे. प्रारब्धाचे नाव घेऊन जो आचार टाळतो, तो नकळत सर्वज्ञांच्या त्या विश्वासालाच खोटे पाडतो.

आता आचाराविषयी. घरच्या मुलाने खेळात हरून आदळआपट केली, तर मोठ्यांनी मोबाइल हिसकावण्याआधी एकच प्रश्न विचारावा: ‘यात तुझे काय चुकले, तेवढे सांग.’ पहिल्या दिवशी तो इतरांचीच नावे सांगेल. दहाव्या दिवशी कदाचित म्हणेल, ‘मी घाई केली, सोबत्यांचे ऐकले नाही.’ ज्या दिवशी असे म्हणेल, त्या दिवशी तो नकळत अनुशोचनाचा पहिला धडा शिकला. मात्र हा प्रश्न विचारण्याचा अधिकार त्या मोठ्यांनाच पोहोचतो, जे पीक बुडाले, सौदा फसला, भावाशी बिनसले तेव्हा स्वतःलाही तोच प्रश्न विचारतात. बाप दिवसभर भावकीला बोल लावतो आणि संध्याकाळी मुलाला म्हणतो, ‘दुसऱ्याला दोष देऊ नकोस.’ असा उपदेश मुलाच्या कानावरून जातो.

भिक्षुक आणि तपस्विनी यांनीही हा विचार परका मानू नये. आश्रमात मोबाइल पोहोचला नव्हता तेव्हाही गाऱ्हाणी होतीच. नामस्मरणात मन लागत नाही, कारण शेजारचा मोठ्याने बोलतो. अध्ययन होत नाही, कारण शिकवणारे वेळ देत नाहीत. भिक्षेत मिळते ते प्रकृतीला मानवत नाही. यातील प्रत्येक वाक्य कदाचित खरे असेल. पण झोळीत जे पडले ते स्वीकारणे हे ज्याचे व्रत आहे, त्याने प्रसंगही झोळीत पडलेल्या अन्नासारखाच स्वीकारायला नको काय? शेजाऱ्याचा आवाज हे आजचे अन्न. त्यातून स्मरण करणे हे आजचे जेवण.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. दोष स्वतःकडे घेणे म्हणजे स्वतःला शिव्या देणे नव्हे. ‘मी असाच नालायक’ असे म्हणत राहणारा पुन्हा गाऱ्हाणेच करतो. फक्त प्रतिवादी बदलतो. अनुशोचनात तीन गोष्टी असतात: घडलेल्या दोषाचे नेमके स्मरण, त्याबद्दल अंतःकरणाची खंत, आणि पुन्हा तसे न घडावे म्हणून परमेश्वरापाशी विनवणी व आचाराचा निश्चय. नेमकेपणा नसेल तर खंत धूसर होते, आणि निश्चय नसेल तर ती नुसती रडगाथा होते. ‘आज वाईट वागलो’ हे पुरेसे नाही. ‘आज अमक्या वेळी अमक्याला असे शब्द बोललो, त्याची क्षमा उद्या सकाळी मागेन’ असे झाले पाहिजे.

तात्पर्य, हार वाट्याला येणे जीवाच्या हाती सर्वस्वी नाही. हारेनंतर पहिले बोट कोठे वळवायचे ते मात्र त्याच्या हाती आहे. दुसऱ्याकडे वळवले तर दुसरा सुधारतोच असे नाही, आणि आपण तर निश्चितच सुधारत नाही. स्वतःकडे वळवले तर निदान एक जीव सुधारण्याच्या वाटेला लागतो, आणि परमेश्वराच्या कृपेला येण्यास जागा मिळते. ज्याच्याजवळ बोल लावण्याची सर्व कारणे असून ज्याने बोल लावला नाही, अशाच्याच हातून लीळांचा संग्रह झाला आणि अशांच्याच स्मरणातून तो पुन्हा उभा राहिला. त्या परंपरेचे आपण वारस आहोत, याचे भान आजच्या रात्री झोपण्यापूर्वीच्या अनुशोचनात प्रत्येकाने ठेवावे. दिवसभरातील एक तरी गाऱ्हाणे निवडून त्यातील आपला वाटा श्रीचरणी निवेदन करावा.